स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना ओळखीच्या सुरांचा आधार

माणसाचे सरासरी आयुर्मान वाढले, ही गेल्या काही दशकांतील मोठीच उपलब्धी होय. तथापि, वाढत्या वयोमानाबरोबर वार्धक्यातील काही आजारही अधिक प्रमाणात आढळू लागले आहेत. त्यांपैकी स्मृतिभ्रंश, ज्यास वैद्यकीय व्यवहारात ‘डिमेन्शिया’ असे म्हणतात, हा रुग्णाइतकीच त्याच्या कुटुंबाचीही कसोटी पाहणारा आजार आहे. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याच्या लोकसंख्येत साठ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींचे प्रमाण सुमारे ११ टक्के होते. संपूर्ण देशात ते साडेआठ टक्क्यांच्या आसपास होते. हा प्रश्न आपल्या राज्याच्या किती निकट आहे, हे यावरून ध्यानी यावे.

या आजाराला मुळापासून बरे करणारे औषध अद्याप हाती आलेले नाही. मात्र रुग्णाचे मन प्रसन्न ठेवणारे आणि घरच्या माणसांशी तुटत चाललेला त्याचा संवाद, काही काळ का होईना, पुन्हा जुळवून आणणारे एक साधन जवळजवळ प्रत्येक घरात उपलब्ध असते. ते म्हणजे रुग्णाच्या स्वतःच्या ओळखीचे गाणे. हे साधन काय साधू शकते, त्याच्या मर्यादा कोणत्या आणि ते वेळेवर हाताशी असावे म्हणून आजच काय करावयास हवे, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

विस्मरण आणि स्मृतिभ्रंश

उतारवयात थोडेबहुत विस्मरण सर्वांनाच होते. बाजारात गेल्यावर एखादा जिन्नस आणायचा राहून जाणे, हा त्यातलाच प्रकार. परंतु त्याच बाजारातून वर्षानुवर्षांच्या पायाखालच्या वाटेने घरी परतता न येणे, पैशांचा साधा हिशेब न उमगणे, एकच प्रश्न पाच मिनिटांत चारदा विचारणे किंवा पोटच्या मुलाला परका समजणे ही स्मृतिभ्रंशाची लक्षणे असू शकतात.

स्मृतिभ्रंश हे एकाच रोगाचे नाव नाही. मेंदूच्या निरनिराळ्या विकारांतून उद्भवणाऱ्या लक्षणांचा तो समूह आहे. त्यांपैकी सर्वाधिक आढळणारा विकार म्हणजे अल्झायमरचा आजार. एकूण रुग्णांपैकी साठ ते सत्तर टक्क्यांच्या आजारामागे तो असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. जर्मन वैद्य आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली एका महिला रुग्णाच्या मेंदूतील बदलांचे वर्णन प्रथम मांडले आणि पुढे त्यांचेच नाव या विकारास मिळाले.

याच संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना स्मृतिभ्रंश होता. भारतातील राष्ट्रव्यापी पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे सांगतात की, देशात साठ वर्षांवरील व्यक्तींपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक या अवस्थेत आहेत. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागांत अधिक आढळले.

इतके असूनही हा आजार म्हणून ओळखला जातोच असे नाही. गोव्यात झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले होते की, लोकांना याची लक्षणे परिचित होती. परंतु ‘म्हातारपणी असे व्हायचेच’ अशी त्यांची समजूत असल्यामुळे ती वैद्याकडे नेण्याजोगी बाब वाटत नव्हती. ही समजूत दोन प्रकारे घातक ठरते. थायरॉइडची कमतरता, बी-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, नैराश्य किंवा काही औषधांचे दुष्परिणाम यांमुळेही स्मृतिभ्रंशासारखी लक्षणे दिसतात व ती उपचारांनी सुधारू शकतात. तपासणीच न झाल्यास ती संधी हुकते. दुसरे असे की, ‘आता यांना काही कळत नाही’ असे एकदा घराने ठरवून टाकले की रुग्णाशी बोलणेच हळूहळू कमी होत जाते. संगीताची उपयुक्तता या दुसऱ्या मुद्द्याशी निगडित आहे.

गाणे मागे का उरते?

स्मृती ही एकाच कोठीत साठविलेली वस्तू नव्हे. सकाळी काय खाल्ले, काल कोण भेटावयास आले, या प्रकारच्या घटनांची नोंद करण्यात मेंदूतील ‘हिप्पोकॅम्पस’ या भागाचा वाटा मोठा असतो. अल्झायमरच्या आजारात सामान्यतः हाच भाग आरंभी बाधित होतो. म्हणून रुग्णाला पन्नास वर्षांपूर्वीचे लग्न आठवते; दुपारचे जेवण मात्र आठवत नाही.

अंगवळणी पडलेल्या गोष्टींची स्मृती यापेक्षा निराळी असते. पोहणे, वाती वळणे, पेटीवर बोटे फिरविणे या कृती मेंदूच्या अन्य भागांच्या आधाराने घडतात व त्या पुष्कळ उशिरापर्यंत टिकतात. गाणे तर एकाच वेळी अनेक आधारांवर उभे असते. त्यात शब्द असतात, चाल असते, ताल असतो, श्वासाचा व ओठांचा सराव असतो आणि ते जेथे प्रथम ऐकले त्या प्रसंगाची भावनाही असते. एक धागा निसटला तरी दुसरा त्याला ओढून आणतो. एरवी साधे वाक्य पूर्ण करू न शकणारी व्यक्ती आरतीचे अख्खे कडवे न अडखळता म्हणते, त्याचे इंगित हे आहे.

यासंबंधी जर्मनीतील लाइपझिग येथील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २०१५ साली एक महत्त्वाचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. दीर्घकाळ परिचित असलेली गीते ऐकताना निरोगी तरुणांच्या मेंदूतील कोणते भाग कार्यरत होतात, हे त्यांनी प्रथम निश्चित केले. नंतर अल्झायमरच्या रुग्णांत त्याच भागांची स्थिती कशी आहे, हे पडताळून पाहिले. संगीताच्या दीर्घकालीन स्मृतीशी संबंधित हे भाग, मेंदूच्या इतर भागांच्या तुलनेत, रोगाच्या ऱ्हासापासून बऱ्याच अंशी बचावलेले आढळले. अनेक घरांत अनुभवास येणाऱ्या गोष्टीला यामुळे शास्त्रीय आधार लाभला.

दोन विख्यात उदाहरणे

इंग्लंडमधील संगीतज्ञ क्लाइव्ह वेअरिंग यांना १९८५ साली मेंदूज्वराचा तीव्र विकार जडला. त्यांचा आजार स्मृतिभ्रंशाचा नव्हता. परंतु त्यामुळे त्यांच्या हिप्पोकॅम्पसची भयंकर हानी झाली आणि नवी घटना काही सेकंदांपलीकडे त्यांच्या मनात टिकेनाशी झाली. आपण याच क्षणी शुद्धीवर आलो, असे ते वारंवार आपल्या रोजनिशीत लिहीत. असे असूनही पियानोसमोर बसविल्यावर ते रचना वाजवू शकत आणि गायकवृंदाचे संचालनही करू शकत. संगीत चालू असेपर्यंत त्यांचा काळ अखंड असे.

अमेरिकेतील लोकप्रिय गायक टोनी बेनेट यांना अल्झायमरचा आजार असल्याचे निदान २०१६ साली झाले. त्यांच्या कुटुंबीयांनी ही गोष्ट २०२१ च्या फेब्रुवारीत जाहीर केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वयाच्या पंचाण्णवाव्या वाढदिवशी आणि त्यानंतर दोन दिवसांनी, न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये लेडी गागा या गायिकेसमवेत त्यांनी आपले अखेरचे मोठे कार्यक्रम सादर केले. नित्याच्या व्यवहारांचे भान सुटत चाललेल्या या वृद्ध गायकाने रंगमंचावर एकामागून एक गीते गायिली. २०२३ च्या जुलैमध्ये त्यांचे निधन झाले.

हे दोघेही व्यवसायाने संगीतकार होते, म्हणून असे घडले, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु ओळखीच्या गाण्याला प्रतिसाद मिळण्यासाठी गायनाचे शिक्षण झालेले असावे लागत नाही. ते गाणे मनात खोलवर मुरलेले असले म्हणजे पुरे.

संशोधन काय सांगते?

या विषयावर उत्साहाच्या भरात पुष्कळ अतिशयोक्ती केली जाते. म्हणून पुराव्यांची नेमकी मर्यादा जाणून घेणे इष्ट ठरेल. वैद्यकीय चाचण्यांचा साकल्याने आढावा घेणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेने २०२५ साली संगीतोपचारांविषयीचा अद्ययावत आढावा प्रसिद्ध केला. त्यात १५ देशांतील ३० चाचण्या व एकूण १,७२० रुग्णांचा समावेश होता. संगीताच्या किमान पाच बैठका झाल्यानंतर रुग्णांतील नैराश्याची लक्षणे बहुधा कमी होतात आणि त्यांच्या एकंदर वर्तनात सुधारणा होऊ शकते, असा त्याचा निष्कर्ष आहे. प्रक्षोभ किंवा आक्रमकता मात्र त्यामुळे कमी होत असल्याचे दिसले नाही. आकलन व स्मरणशक्तीवरही विशेष परिणाम आढळला नाही. उपक्रम थांबल्यानंतर लाभ किती टिकतो, हेही निश्चित झालेले नाही.

याचा अर्थ असा की, गाणे हरवलेली स्मृती परत आणीत नाही आणि रोगाची वाटचाल रोखीत नाही. ते खिन्नता हलकी करते. ज्या रुग्णाला स्वतःचे दुःख शब्दांत सांगता येत नाही, त्याच्या बाबतीत हा लाभ लहान म्हणता येणार नाही.

ऐकण्यापेक्षा गाणे अधिक परिणामकारक असते काय, या प्रश्नाचाही अभ्यास झाला आहे. फिनलंडमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८९ रुग्ण व त्यांची शुश्रूषा करणारे ८९ जण सहभागी झाले होते. काही जोड्यांना दहा आठवडे ओळखीची गीते गाण्याचे, काहींना ती ऐकण्याचे मार्गदर्शन मिळाले. उर्वरित जोड्यांची नेहमीचीच शुश्रूषा चालू राहिली. गाणाऱ्या आणि ऐकणाऱ्या अशा दोन्ही गटांतील रुग्णांची मनःस्थिती सुधारली. गाणाऱ्या गटात त्याखेरीज आणखी एक गोष्ट दिसली: शुश्रूषा करणाऱ्यांचे स्वास्थ्यही सुधारले. ऑस्ट्रेलियात शुश्रूषागृहांतील ३१८ रहिवाशांवर झालेल्या व २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही सामूहिक गायनाने नैराश्याची लक्षणे कमी झाल्याचे आढळले. त्यासाठी कोणाचा आवाज चांगला असण्याची अट नव्हती.

शुश्रूषा करणाऱ्यांची शुश्रूषा

फिनलंडमधील हा निष्कर्ष आपल्याकडे विशेष मोलाचा आहे. कारण भारतात स्मृतिभ्रंशाच्या बहुसंख्य रुग्णांची काळजी घरीच घेतली जाते आणि तो भार बहुधा पत्नी, सून किंवा मुलीवर पडतो. रात्रीची झोप मोडणे, तेच ते प्रश्न, विनाकारण होणारे आरोप यांनी ही माणसे खचून जातात. गोव्यातच झालेल्या व २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८१ कुटुंबांचा समावेश होता. स्थानिक पातळीवर निवडून प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी सहा महिने घरी जाऊन रुग्णाची देखभाल कशी करावी याचे मार्गदर्शन केले. त्यामुळे शुश्रूषा करणाऱ्यांचे मानसिक आरोग्य सुधारले आणि रुग्णाच्या वर्तनामुळे त्यांना होणारा मनस्तापही कमी झाला. हा उपक्रम संगीताचा नव्हता. परंतु घरातल्या घरात, साध्या माणसांनी दिलेला साधा आधार किती कामी येतो, हे त्याने आपल्याच भूमीत सिद्ध केले.

घरातले गाणे याच प्रकारचा आधार होऊ शकते. स्वीडनमधील संशोधिका एव्हा गोटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ पासून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, सकाळी तोंड धुणे, कपडे घालणे अशी कामे करताना परिचारिका रुग्णासाठी गाऊ लागल्या तर काय होते, याचे निरीक्षण केले. अभ्यास मोजक्याच रुग्णांचा होता. तथापि, परिचारिकांना सूचना कमी द्याव्या लागल्या आणि तरीही रुग्णांना काय करावयाचे ते अधिक चांगले उमजले, असे त्यांना आढळले. ‘हात वर करा’ हे दहादा सांगून जे घडत नाही, ते गाण्याच्या ओघात सहज घडू शकते.

कोणते गाणे निवडावे?

सर्वांना चालेल असे एखादे ‘उपचाराचे गाणे’ नसते. सामान्यतः वयाच्या दहाव्या ते तिसाव्या वर्षांदरम्यान ऐकलेली गाणी मनात सर्वांत घट्ट रुजतात. आज ऐंशीच्या घरात असलेल्या व्यक्तीचा हा काळ १९५५ ते १९७५ च्या आसपासचा होय. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर लागणारी ‘बिनाका गीतमाला’ ऐकत कोणी वाढले असेल. ज्यांचे बालपण मराठी मुलखात गेले, त्यांच्या कानांत पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ साली प्रसारित झालेले ‘गीतरामायण’ असेल.

गोव्याच्या बाबतीत ही निवड आणखी डोळसपणे करावी लागते. कारण येथील प्रत्येक घराचा कान निराळ्या सुरांवर घडला आहे. एखाद्या घरी चवथीच्या घुमट-आरत्या आणि देवळातील भजने असतील. एखाद्या आजीच्या ओठी जात्यावरच्या ओव्या, धालो किंवा फुगडीची गाणी असतील. कोणाच्या मनात मांडो, चर्चमधील स्तोत्रे किंवा तियात्रातील कांतारे असतील. कोणी गावच्या उत्सवातील नाटकांमुळे नाट्यपदांत रमलेले असेल. १९६१ पूर्वी ज्यांचे प्राथमिक शिक्षण पोर्तुगीज शाळेत झाले, त्यांना त्या शाळेत शिकलेले गाणेच सर्वांआधी आठवले, तर नवल वाटू नये. तेव्हा आपल्याला जे ‘चांगले संगीत’ वाटते ते लावण्यापेक्षा रुग्णाचे आयुष्य आठवून त्याचे गाणे शोधावे.

घरी उपयोग कसा करावा?

यासाठी महागडी साधने लागत नाहीत. मोबाइल फोन, जुना टेपरेकॉर्डर किंवा स्वतःचा आवाज पुरेसा आहे. पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. दूरचित्रवाणी व पंखा-मिक्सरचे आवाज बंद करून, रुग्णासमोर बसून गाणे लावावे किंवा म्हणावे. मध्येच जाहिराती किंवा बातम्या लागणारा कार्यक्रम टाळावा. त्यामुळे रुग्ण गोंधळतो.

२. वीस ते तीस मिनिटे पुरेशी आहेत. पुष्कळ रुग्णांची अस्वस्थता तिन्हीसांजेला वाढते. त्याच्या थोडे आधी गाण्याची वेळ ठेवून पाहावी.

३. गाताना पट्टी खालची आणि लय संथ धरावी. ओळीच्या शेवटी क्षणभर थांबावे. अनेकदा उरलेला शब्द रुग्ण स्वतः उच्चारतो.

४. ‘हे गाणे कोणाचे, सांगा पाहू’ अशी परीक्षा घेऊ नये. शब्द चुकला तर दुरुस्त करू नये. उत्तर न आल्याची लाज रुग्णाला जाणवते. गाण्याचा आनंद तेथेच संपतो.

५. बोलता येत नसेल तर हाती टाळ किंवा झांज द्यावी. पायाने धरलेला ठेका, बोटांची हालचाल, चेहऱ्यावरील भाव हाही प्रतिसादच होय.

६. तेच गाणे रोज लावले तरी हरकत नाही. कंटाळा आपल्याला येतो. रुग्णाला त्या ओळखीचाच आधार वाटतो.

सावधगिरीची गरज

गाण्याने डोळ्यांत पाणी आले म्हणजे ते वाईटच, असे समजू नये; आठवणीचे समाधानही डोळ्यांतून वाहते. परंतु कपाळावर आठ्या, कानांवर हात, येरझाऱ्या किंवा ओरडणे दिसल्यास गाणे त्वरित थांबवावे. एखादे गाणे घरातील मृत्यूशी किंवा अन्य दुःखाशी निगडित असू शकते. दिवसभर मोठ्याने चालू ठेवलेले संगीत हा केवळ गोंगाट ठरतो.

रुग्ण प्रतिसाद देत नसेल तर त्याला ऐकू येते काय, हे आधी तपासावे. कानात साचलेला मळ किंवा बंद पडलेले श्रवणयंत्र ही कारणे असू शकतात. मध्यमवयातील श्रवणदोषाकडेही दुर्लक्ष करू नये. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची जी टाळता येण्याजोगी १४ जोखीम-कारणे नमूद केली, त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह व धूम्रपान यांच्याबरोबर श्रवणदोषाचाही समावेश आहे. आणि गाण्यामुळे बरे वाटते म्हणून डॉक्टरांनी दिलेली औषधे परस्पर बंद करू नयेत.

गावाचा सहभाग

इंग्लंडमध्ये २००३ साली न्यूबरी या गावी स्मृतिभ्रंशाचे रुग्ण व त्यांचे कुटुंबीय यांनी एकत्र बसून गाण्याचा उपक्रम सुरू झाला व ‘अल्झायमर्स सोसायटी’ या संस्थेमार्फत तो देशभर पोहोचला. तेथे अशा मंडळ्या नव्याने उभाराव्या लागल्या. आपल्याकडे गावोगावी भजनी मंडळे आहेत, चर्चचे गायकवृंद आहेत, महिला मंडळे आहेत. स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठाला तेथे आणून बसविले, त्याच्या हाती टाळ दिला आणि त्याने भलतेच कडवे सुरू केले तरी कोणी हसले नाही, तर अर्धे काम साधेल. घराच्या चार भिंतींत कोंडली गेलेली ती व्यक्ती, आणि तिच्याबरोबर कोंडले गेलेले तिचे माणूसही, तासभर गावात परत येईल.

तपासणीसाठी आपल्या आरोग्य केंद्राचा किंवा जिल्हा रुग्णालयाचा सल्ला घ्यावा. बांबोळी येथे गोवा वैद्यकीय महाविद्यालय तसेच मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ या क्रमांकावर आणि मानसिक आरोग्यविषयक ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. खचून गेलेल्या शुश्रूषाकर्त्यांनीही टेली-मानसशी संपर्क साधण्यास संकोच करू नये.

यादी आजच करावी

एका गोष्टीला मात्र विलंब परवडणारा नाही. रुग्णाचे गाणे कोणते, हे सांगू शकणारी माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत. मुले नोकरीनिमित्त मुंबई, पुणे किंवा परदेशी आहेत. आईने माहेरी कोणत्या ओव्या म्हटल्या, हे त्यांना ठाऊक नाही. ते तिच्या बहिणीला, शेजारणीला, बालमैत्रिणीला ठाऊक आहे, आणि त्याही वृद्ध आहेत. आजार बळावल्यावर खुद्द आईला विचारण्याची वेळ निघून गेलेली असते.

म्हणून घरातील ज्येष्ठ मंडळी धडधाकट असतानाच एखाद्या संध्याकाळी त्यांच्याजवळ बसावे. लहानपणी कोणती अंगाई ऐकली, शाळेत काय म्हणत, लग्नात कोणती गाणी झाली, कोणते पद लागले की हातातले काम थांबते, हे विचारावे. दहा-बारा गाणी एका वहीत लिहून ठेवावीत आणि जमल्यास त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करावीत. ओव्यांसारखी जी गाणी कोणत्याही तबकडीवर मिळणार नाहीत, त्यांच्या बाबतीत हे अगत्याने करावे. घरातील शिधापत्रिका, विम्याचे कागद, औषधांच्या चिठ्ठ्या आपण जपून ठेवतो. ही वहीही त्यांच्याच शेजारी ठेवावी. आजार न झाल्यास घराला एक ठेवा मिळेल, आणि दुर्दैवाने झालाच, तर शुश्रूषा करणाऱ्याला सुरुवात कोठून करावी हे त्या वहीत सापडेल.